वाचक विचारतात : विमानाचं अंतर आणि तिकिटावरची वेळ

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या किती तरी घरांतलं कुणी ना कुणी आता दुबईत, जर्मनीत नाहीतर अमेरिकेत आहे. त्यामुळं 'किती लांब' आणि 'किती तास' हे प्रश्न घरोघरी पडतात. दोन्ही प्रश्न दिसतात एकसारखे, पण उत्तरं वेगळ्या वाटेनं काढावी लागतात.

निपाणीहून एक वाचक : मुलगा न्यूयॉर्कला असतो. मुंबई-न्यूयॉर्क अंतर कुठं साडेबारा हजार किलोमीटर दिसतं, कुठं चौदा हजारांवर. नातवाच्या भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या सरळ पश्चिमेला, थोडं वर आहे. विमानातल्या पडद्यावर मात्र विमान पार रशिया-युरोपच्या डोक्यावरून जाताना दिसतं. एवढा वळसा कशासाठी?

वळसा नाहीच, तीच जवळची वाट आहे. भिंतीवरचा नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल, त्यामुळं नकाशातली सरळ रेषा जमिनीवर लांबची ठरते. घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर बोटानं दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर आणून दोरा ताणा. थोडा डावी-उजवीकडे सरकवला की दोरा आपोआप सगळ्यात आखूड जागी बसतो. आता तो कुठून जातो ते बघा : तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, जवळजवळ मॉस्कोवरून, मग हेलसिंकी, नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण किनारा, ग्रीनलँडचं खालचं टोक आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्क. नॉर्वे आणि आइसलँडच्या मधे दोरा जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट नेहमी त्याच्यावरच असते.

मोजायचं असेल तर तोच दोरा विषुववृत्ताभोवती एकदा गुंडाळून त्याची लांबी घ्या. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर ती ९४ सेंटिमीटर भरते, म्हणजे ४०,००० किलोमीटर. एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर पडतात. मुंबई-न्यूयॉर्क दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास येईल. गुणाकार केला की साडेबारा हजार. नकाशातल्या सरळ रेषेनं, म्हणजे कंपासची एकच दिशा धरून गेलं तर हेच अंतर १४,२०० किलोमीटर होतं. तुम्हाला दिसलेले दोन्ही आकडे असे आपापल्या वाटेपुरते बरोबर आहेत, पण विमान कंपन्या हिशोबाला पहिला घेतात.

गणिताची आवड असलेल्या नातवाला कॅल्क्युलेटरवरही करता येईल. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२१३. दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइननं गुणलं की उणे ०.५९९. बेरीज उणे ०.३८६. तिचा उलटा कोसाइन ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १२,५३० किलोमीटर. चुका दोनच जागी होतात. एक गाव पूर्वेचं आणि एक पश्चिमेचं असताना रेखांश वजा केले जातात. तिथं बेरीज करायची, १४६.६५. दुसरी चूक म्हणजे कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर राहतो आणि उत्तर भलतंच येतं.

प्रत्यक्ष विमान दोऱ्यावर तंतोतंत राहत नाही. वारा, वादळ, बंद असलेलं आकाश यांप्रमाणे वाट रोज थोडी हलते. ठरलेल्या अंतरापेक्षा दोन-चारशे किलोमीटर जास्त उडणं अगदी नेहमीचं आहे.

खानापूरहून एक आजी : लेकीनं तिकीट पाठवलंय. मुंबईहून १५ डिसेंबरला रात्री १.३० ला सुटून त्याच दिवशी सकाळी ७.३० ला न्यूयॉर्क, असं लिहिलंय. म्हणजे सहाच तास झाले की. सगळे तर सोळा तास सांगतात. आणि आम्ही घरातून नेमकं कधी निघायचं?

आजी, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण विमान चुकतं ते तिथंच. १५ तारखेची रात्री दीडची वेळ म्हणजे आपल्या बोलण्यातली १४ तारखेची रात्र. आपण दिवस उजाडल्यापासून उजाडेपर्यंत धरतो, म्हणून '१५ ची रात्र' म्हटलं की डोळ्यांपुढं १५ तारखेची संध्याकाळ येते. तिकिटावर मात्र रात्री बाराला तारीख बदलते. १५ ला जेवून निघालेली माणसं विमानतळावर पोचतात तेव्हा विमान जाऊन वीस-बावीस तास झालेले असतात. असं तिकीट बहुधा वायाच जातं. परदेशाची बरीच विमानं मुंबईहून रात्री बारा ते पहाटे पाचच्या मधे सुटतात, त्यामुळं ही चूक पुन्हा पुन्हा होते.

तेव्हा कॅलेंडरवर १४ तारखेच्या चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहा : 'रात्री साडेदहाला मुंबई विमानतळ'. परदेशी विमानाला तीन तास आधी पोचायचं असतं आणि सामान घेण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. खानापूर ते मुंबई सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास. रस्त्यानं दहा-अकरा तास धरा. १४ ला सकाळी निघून जमेल, पण पुण्याजवळ किंवा घाटात गाड्या अडकल्या तर जीव टांगणीला लागेल. १३ च्या रात्रीच्या बसनं निघावं, १४ ला मुंबईत नातेवाइकांकडे आंघोळ-जेवण-झोप करावी आणि संध्याकाळी आठला विमानतळाकडे निघावं, हे तुमच्या वयाला बरं.

आता तासांचा हिशोब. तिकिटावर सुटायची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची असते. दोन्ही एकाच घड्याळात आणल्याशिवाय वजाबाकी करायची नाही. डिसेंबरात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतं. तिथले सकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा. रात्री दीड ते संध्याकाळी सहा, साडेसोळा तास. येताना याच्या उलटं दिसतं. समजा न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघालात, आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला पोचलात. दिसायला साडेचोवीस तास. पण तिथले दुपारचे १२ म्हणजे इथले रात्रीचे साडेदहा, तेव्हा खरे तास १४. पोचायच्या वेळेशेजारी '+१' छापलं असेल तर पोचायची तारीख सुटण्याच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची, हे लक्षात ठेवा. घ्यायला येणाऱ्या माणसाला वेळेबरोबर ही तारीखही आवर्जून सांगा.

फरक वर्षभर सारखा राहत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागं. म्हणून उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागं आणि कॅलिफोर्निया साडेबारा. थंडीत कॅलिफोर्निया साडेतेरा. इंग्लंड थंडीत साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागं. जर्मनी साडेचार आणि साडेतीन. युरोपात हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दुबई बारा महिने दीड तास मागं, सिंगापूर अडीच तास पुढं. मेलबर्न आपल्या पुढं आहे. तिथं उन्हाळा असताना साडेपाच तास, एरवी साडेचार. तिकिटाच्या वेळा या बदलासकट छापलेल्या असतात, तिथं आपण काही मिळवायचं-वजा करायचं नाही. घोटाळा होतो तो लेकीला फोन करताना.

चिकोडी, आठवीतला विद्यार्थी : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान बेळगाववर नुसतं थांबून राहिलं तर काही तासांनी खाली आफ्रिका आणि मग अमेरिका यायला हवी ना?

प्रश्न फार चांगला आहे. बेळगावच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगानं पूर्वेला जाते. पण एकटी जमीन जात नाही, तिच्यावरची हवाही बरोबर जाते, आणि विमान उडतं ते त्या हवेत. बेळगावहून निपाणीला निघालेल्या बसमध्ये माशी उडत असते. बस ताशी ६० नं पळत असली तरी माशी मागच्या काचेवर जाऊन आदळत नाही, कारण बसमधली हवा तिला घेऊनच चाललेली असते. बेळगाववर थांबून राहिलेलं हेलिकॉप्टर तासाभरानंही बेळगाववरच असतं.

तरी तुझ्या शंकेत एक खरी गोष्ट दडलेली आहे. पूर्वेला जाणारं विमान बऱ्याचदा लवकर पोचतं, पश्चिमेला जाणारं उशिरा. त्याचं कारण जेट वारे. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे मोठी विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वाऱ्याचे पट्टे वाहतात. ताशी १५० किलोमीटर नेहमीचं, थंडीत तीनशेच्या वरही जातात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड. या फरकातून वारा निघतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळं तो पूर्वेकडे वळतो. म्हणजे फिरणं विमानाला मदत करतं, पण अशा आडवाटेनं.

हिशोब करून बघ. १२,५०० किलोमीटरची वाट, विमानाचा हवेतला वेग ताशी ९००. समोरून सरासरी ७० चा वारा असेल तर जमिनीवरून वेग ८३०, लागले १५ तास. तोच वारा पाठीमागून असेल तर ९७०, लागले १३ तासांना थोडे कमी. एवढ्याशा वाऱ्यानं जाण्या-येण्यात दोन तासांचा फरक पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ असताना न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं होतं. एरवी त्या वाटेला साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

आपल्या डोक्यावर पावसाळ्यात चित्र उलटं होतं, हेही वहीत लिहून ठेव. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर, आणखी वरच्या थरात, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जेट वारा असतो.

वडगाव, बेळगावहून : जावई दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जातात. कधी विमान युरोपवरून जातं म्हणतात, कधी जपानवरून. मधेच हल्ली तेल भरायला थांबलं असंही ऐकलं.

जेट वाऱ्याचं वर सांगितलं, त्याचाच हा दुसरा उपयोग. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट १४०० किलोमीटरनं वाढली, १५,३०० किलोमीटर झाली, पण वारा पाठीशी असल्यानं साडेचौदा तासांत विमान पोचलं; जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास कमी. लांबची वाट लवकर पोचवते याचं एवढं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळायचं नाही. जानेवारी २०२१ मध्ये याच कंपनीच्या महिला वैमानिकांनी, कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली, सॅन फ्रान्सिस्कोहून निघून उत्तर ध्रुवाकडून बेंगळूरला विमान आणलं. हे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे.

मधे थांबण्याचं कारण आकाश. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणारं विमान मग आधी खाली गुजरात-अरबी समुद्राकडे येऊन पुढं जातं. वाट वाढली की इंधन वाढतं, इंधन वाढलं की वजन वाढतं, आणि एका मर्यादेपुढं एकतर माणसं-सामान कमी घ्यावं लागतं नाहीतर मधे उतरून तेल भरावं लागतं. मुंबई-बेंगळूरच्या विमानांना हा फटका दिल्लीपेक्षा कमी बसतो, कारण त्यांना समुद्राची वाट जवळ आहे. जुन्या तिकिटावरचे तास बघून नव्या प्रवासाची आखणी करू नका, एवढं जावईबापूंना सांगा.

टिळकवाडी, बेळगावहून : बेळगाव-बेंगळूर हवाई अंतर साडेचारशे किलोमीटरसुद्धा नाही. विमान ताशी आठशेनं जातं म्हणतात. मग तिकिटावर सव्वा-दीड तास का?

सांबरा विमानतळ ते देवनहळ्ळीचा बेंगळूर विमानतळ हे अंतर सुमारे ४४५ किलोमीटर आहे. तिकिटावरचा वेळ मात्र उडण्याचा नसतो. विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर थांबलं तिथपर्यंतचा तो वेळ. धावपट्टीपर्यंत जाणं, वाट बघणं, उतरल्यावर पुन्हा जमिनीवरून फिरणं सगळं त्यात येतं. सांबऱ्याला हे पाच-सात मिनिटांत होतं, बेंगळूरला उतरायलाच रांग असते.

दुसरं, पंख्याचं एटीआर विमान असेल तर त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपासच असतो. जेट असलं तरी एवढ्या जवळच्या वाटेवर त्याला पूर्ण वेग आणि उंची गाठायला फारसा वाव मिळत नाही. ११ किलोमीटर उंचीवरून खाली यायला जेटला जवळपास २०० किलोमीटर आधीपासून सुरुवात करावी लागते. चढण्यात शे-दीडशे गेले, उतरण्यात दोनशे गेले, तर मधे राहतं काय?

घरच्या घरी अंदाज काढायला हे पुरतं : एटीआरला किलोमीटर भागिले ४८०, वर २५ मिनिटं. जेटला भागिले ८००, वर ४० मिनिटं. लांबच्या मोठ्या विमानाला भागिले ८५०, वर अर्धा तास. बेळगाव-बेंगळूर एटीआरनं १ तास २० मिनिटं येतात. सांबरा-दिल्ली १४३५ किलोमीटर, जेटनं अडीच तासांच्या जवळ. मुंबई-लंडन ७२०० किलोमीटर, नऊ तास. जाताना समोरचा वारा धरून आणखी अर्धा-एक तास वाढवा. कंपन्या स्वतःही थोडा वेळ वाढवून छापतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमान कधी कधी वेळेवर पोचतं.

पण बेंगळूरला जायचंच असेल तर हिशोब घरापासून घरापर्यंत करा. टिळकवाडीहून सांबरा अर्धा तास, दोन तास आधी पोचणं, उडणं सव्वा-दीड तास, सामान अर्धा तास, आणि देवनहळ्ळीहून शहरात शिरायला तास ते दोन तास. साडेपाच-सहा तास सहज होतात. ऑगस्ट २०२५ पासून धावणारी वंदे भारत साडेआठ तासांच्या आसपास घेते आणि थेट शहराच्या मधोमध सोडते. काम मॅजेस्टिकच्या आसपास असेल तर विमानाचा फायदा अडीच-तीन तासांचाच. काम विमानतळाच्या बाजूला किंवा पुढं दुसरं विमान असेल तर मात्र विमानच.

चिकोडीहून : दुबईला जायचंय. बेळगाव, कोल्हापूर, गोवा, पुणे, मुंबई, यातलं काय सोयीचं?

सांबरा, हुबळी आणि कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून देशातलीच विमानं सुटतात. म्हणजे तिथून निघालात तर मुंबई, बेंगळूर किंवा हैदराबादला बदलावंच लागणार. गोव्यात दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून मोपा, असे दोन विमानतळ आहेत. परदेशाची मोजकी विमानं तिथून मिळतात, पुण्याहूनही मिळतात, पण रोज असतीलच असं नाही. मुंबईत पर्याय सगळ्यात जास्त. मुंबई-दुबई १९२५ किलोमीटर, सव्वातीन तास.

चिकोडीहून मुंबई रस्त्यानं साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, आठ-नऊ तास. पुणे तीनशेच्या आसपास, साडेपाच-सहा तास. मोपा निपाणी-आजरा-आंबोली-सावंतवाडी असं दीडशेच्या पुढं, चार-साडेचार तास. पावसाळ्यात आंबोली घाटात दरड, धुकं आणि पर्यटकांच्या गाड्या, तिन्ही एकदम भेटतात, तेव्हा दोन तास जादा ठेवा. बेळगावकडून चोर्ला घाटानं जाणाऱ्यांनीही तसंच करावं. रात्रीच्या विमानासाठी दिवसाउजेडी घाट उतरून घ्यावा. भाड्याची गाडी सांगताना चालकाला 'गोवा विमानतळ' एवढंच सांगू नका. दाबोळी वास्कोजवळ, मोपा पार उत्तरेला पेडण्यात. चुकीच्या विमानतळावर गेलात तर पणजी ओलांडून परत फिरावं लागेल आणि विमान हाताला लागणार नाही.

सांबऱ्याहून बदलून जाणार असाल तर सगळ्यात महत्त्वाचं : दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असू द्या. दोन वेगळी तिकिटं थोडी स्वस्त दिसतात. पण पहिलं विमान पावसामुळं तीन तास उशिरा निघालं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, पैसे गेले. एकाच पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीकडे येतं. बॅगेचंही तसंच. वेगळ्या तिकिटांना मधल्या गावी बॅग पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करावी लागते. मुंबईत टर्मिनल १ ला उतरून टर्मिनल २ ला जायचं तर बाहेर रस्त्यानं जावं लागतं. बेंगळूरला परदेशी विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. एकाच तिकिटावर मधे अडीच-तीन तास, वेगळ्या तिकिटांवर किमान सहा तास ठेवा. पावसाळ्यात सांबऱ्यावर ढग खाली उतरले तर विमान दुसरीकडे वळवलं जाऊ शकतं, म्हणून जुलै-ऑगस्टात वेगळ्या तिकिटांच्या वाटेला जाऊच नये.

शहापूर, बेळगावहून : सूनबाई न्यूजर्सीत संकष्टी करते. चंद्रोदय आपल्या कॅलेंडरमधला धरायचा की तिथला? आणि वार तोच का?

चंद्रोदय तिथलाच. चंद्र ज्या आकाशात उगवलेला दिसेल त्या आकाशाची वेळ. मुंबईची छापील वेळ बेळगावलाही तंतोतंत लागू पडत नाही. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं पडतात, त्यामुळं नुसत्या रेखांशाच्या हिशोबानंच बेळगाव मुंबईच्या सहा-सात मिनिटं पुढं आहे.

वाराचं थोडं नाजूक आहे. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते, फक्त त्या क्षणी घड्याळं वेगळी असतात. समजा आपल्याकडे चतुर्थी मंगळवारी सकाळी ६ ला लागली आणि बुधवारी पहाटे ४ ला संपली. आपली संकष्टी मंगळवारी, कारण मंगळवारी रात्री नऊच्या चंद्रोदयाला चतुर्थी आहे. न्यूजर्सीत थंडीत सोमवारी रात्री नऊला चंद्र उगवला तर आपल्याकडे तेव्हा मंगळवार सकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणजे चतुर्थी लागलेली आहे. तिथं मंगळवारी रात्री चंद्र उगवेपर्यंत ती संपूनही जाते. म्हणून तिथली संकष्टी सोमवारी. सगळ्याच महिन्यांत असं होत नाही, बऱ्याचदा वार तोच येतो. सूनबाईंनी तिथल्या गावासाठी काढलेलं पंचांग बघावं आणि तुम्ही फोनवर वार सांगताना तेवढं लक्षात ठेवावं.

हुक्केरीहून : विमानातले मैल आणि रस्त्यावरचे मैल एकच का?

नाही. वैमानिक वापरतात तो सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटर. सागरी मैल हा अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग; म्हणून नकाशावर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, १११ किलोमीटर. विमानाचा वेग ४८० नॉट सांगितला तर तासाला ४८० सागरी मैल, म्हणजे सुमारे ८९० किलोमीटर.